पडदा बसल्यानंतरचे दिवस

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता आपल्याकडे घरोघर परिचयाची झाली आहे. सकाळी आजोबा इस्पितळात जातात, सायंकाळी काळा चष्मा लावून परत येतात आणि चार दिवसांनी वर्तमानपत्र वाचू लागतात. त्यामुळे डोळ्याची शस्त्रक्रिया म्हटली की ती अशीच चटकन उरकणारी गोष्ट असावी, असा आपला ग्रह झालेला असतो. परंतु डोळ्याचा पडदा सुटल्यामुळे करावी लागणारी शस्त्रक्रिया या जातीची नव्हे. तेथे शस्त्रवैद्याचे काम संपते तेव्हा घरच्या माणसांचे काम सुरू होते. त्या कामाविषयी आज चार शब्द सांगावयाचे मी योजिले आहे.

मी वैद्य नव्हे. माझा जन्म मुलांना गणित आणि सृष्टिशास्त्र शिकविण्यात गेला. तथापि माझे धाकटे बंधू आणि गावातील दोन स्नेही यांच्यावर ही शस्त्रक्रिया झाली असता त्यांच्या शुश्रूषेत माझा भाग होता, आणि त्या निमित्ताने नेत्रवैद्यांना प्रश्न विचारून व वाचून जे समजले ते आपल्यापुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे. नेमक्या रोग्याला नेमके काय करावयाचे, हे त्याच्या शस्त्रवैद्यानेच सांगावयाचे असते. त्याने सांगितलेल्या गोष्टी का सांगितल्या, हे समजले म्हणजे त्या पाळणे सोपे जाते, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

आमचे तळेगाव श्यामजी पंत हे वर्धा जिल्ह्यातील गाव नागपूर-अमरावती रस्त्यावर आहे. आजूबाजूस संत्र्यांच्या बागा आणि कापूस-सोयाबीनची शेते. पडद्याची शस्त्रक्रिया गावात होत नाही. त्यासाठी नागपूर, अमरावती, सेवाग्राम किंवा सावंगी गाठावे लागते. शस्त्रक्रियेनंतर रोग्यास बहुधा त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी घरी जाण्याची परवानगी मिळते. आता घरी म्हणजे कोठे? पुन्हा तपासणीस यावयाचे असते, म्हणून गावचा काका किंवा मामा शहरातील पुतण्याच्या अथवा भाचीच्या बिऱ्हाडी उतरतो. म्हणजे, श्रोतेहो, त्या पंधरवड्यापुरते आपले घर हेच त्याचे इस्पितळ आणि आपण त्याच्या परिचारिका! म्हणून हा विषय जितका खेड्याचा तितकाच शहराचाही आहे.

प्रथम पडदा म्हणजे काय ते पाहू. डोळ्याच्या आतल्या बाजूस, मागे, एक अतिशय नाजूक अस्तर असते. त्यास दृष्टिपटल म्हणतात. समोरच्या वस्तूची प्रतिमा त्यावर उमटते आणि तेथून मेंदूकडे जाते. डोळ्याच्या पोकळीत काचाभ द्रव नावाचा, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, पारदर्शक पदार्थ भरलेला असतो. वय वाढले की तो आक्रसतो व पडद्यापासून सुटा होतो. बहुतेकांच्या बाबतीत हे निर्वेधपणे पार पडते. परंतु एखाद्याच्या पडद्याला त्या वेळी ओढ बसून लहानसे भोक अथवा चीर पडते, त्यातून द्रव पडद्यामागे शिरतो, आणि ओल आलेल्या भिंतीवरचा रंग पोपडे धरून सुटावा तसा पडदा मागील भिंतीपासून सुटू लागतो. ज्यांना लांबचे फारच कमी दिसते, ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांच्या डोळ्याला मार लागला आहे, किंवा ज्यांच्या घराण्यात हा विकार आहे, त्यांना याचा धोका अधिक असतो. एकंदर लोकसंख्येत हा विकार दरवर्षी दहा हजारांत सुमारे एकाला होतो. त्यामुळे तो फार विरळाही नव्हे आणि सर्वपरिचितही नव्हे.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८५१ साली डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र प्रसिद्ध केले, तेव्हापासून सुटलेला पडदा वैद्यांना दिसू लागला. पण दिसला तरी उपाय नव्हता. पुढे स्वित्झर्लंडमधील लोझान येथील झ्यूल गोनँ या नेत्रवैद्याने प्रतिपादन केले की, पडद्यातील छिद्र हेच मूळ कारण आहे आणि ते बंद केले तर पडदा पुन्हा बसतो. पुष्कळ वर्षे त्याचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही. अखेर १९२९ साली अॅम्स्टरडॅम येथे भरलेल्या जागतिक नेत्रवैद्यक परिषदेत त्याच्या मताला मान्यता मिळाली. त्या काळी शस्त्रक्रियेनंतर रोग्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून, डोके हलू नये म्हणून दोहो बाजूंस वाळूच्या पिशव्या ठेवून, त्यास कित्येक दिवस उताणे निजवून ठेवीत. त्या मानाने आजच्या रोग्याचे पथ्य पुष्कळ सुसह्य आहे, हे त्यास कंटाळा आला की अवश्य सांगावे!

आज ही शस्त्रक्रिया मुख्यतः दोन रीतींनी होते. एका रीतीत डोळ्याच्या बाहेरून सिलिकॉनची पट्टी शिवून भिंतच किंचित आत दाबतात, म्हणजे ती सुटलेल्या पडद्याला जाऊन टेकते. कुस्टोडिस याने १९४९ साली जर्मनीत आणि शेपेन्स याने १९५१ साली अमेरिकेत या रीतीचा पाया घातला. दुसऱ्या रीतीत डोळ्यात अतिसूक्ष्म हत्यारे घालून काचाभ द्रव काढून टाकतात व त्या जागी वायूचा फुगा किंवा सिलिकॉनचे तेल भरतात. ही रीत माखेमर याने १९७० साली अमेरिकेत सुरू केली. कधी या दोन्ही एकत्र योजतात. कोणतीही रीत असो, छिद्राभोवती लेसरने किंवा अतिशीत सळईने डाग देतात. त्या डागाचा व्रण भरून आला म्हणजे पडदा तेथे कायमचा चिकटतो.

येथे माझ्या धंद्यातील एक उदाहरण देतो. शाळेत मुले जुन्या पुस्तकाला खळ लावून नवा कागद चिकटवीत, तेव्हा आम्ही त्यावर पाटी आणि पाटीवर एखादा जाड ग्रंथ ठेवावयास सांगत असू. खळ वाळेपर्यंत कागद दाबून धरला नाही तर तो फुगतो आणि कडेने सुटतो. डोळ्यातील लेसरचा डाग ही खळ होय, ती पक्की होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, आणि वायूचा फुगा हे वरचे वजन होय. हे एवढे ध्यानात आले की पुढची बहुतेक पथ्ये आपोआप उलगडतात.

पहिले पथ्य डोके धरण्याचे. वायू हलका असल्यामुळे तो नेहमी वर जातो. पडदा आहे डोळ्याच्या मागल्या बाजूस. तेव्हा छिद्र जेथे असेल ती जागा वर आली पाहिजे, तरच फुगा नेमका तिच्यावर दाब देईल. म्हणून कोणास मान खाली घालून बसावयास सांगतात, कोणास डाव्या कुशीवर, कोणास उजव्या कुशीवर, तर कोणास नुसते उशीला टेकून बसावयास सांगतात. शेजारच्या गृहस्थाला पालथे निजावयास सांगितले होते, म्हणून आपल्या रोग्यानेही पालथेच निजावे, असे मुळीच नाही. घरी निघण्यापूर्वी शस्त्रवैद्याला तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्या: डोके कोणत्या बाजूस, दिवसातून किती वेळ, आणि किती दिवस. उत्तर कागदावर लिहून घ्यावे; डोक्याचे एक चित्र काढून घेतल्यास अधिकच उत्तम. एक गोष्ट मात्र वायू भरलेल्या बहुतेक सर्व रोग्यांना लागू आहे: तोंड छताकडे करून उताणे निजू नये. तसे केल्यास वायू पुढे येऊन भिंगाला टेकतो. त्यामुळे मोतीबिंदू लवकर होऊ शकतो आणि डोळ्यातील दाबही वाढू शकतो.

मान खाली घालून दिवस काढणे हे बोलण्याइतके सोपे नाही. साठी उलटलेल्या माणसाची मान अवघडते, कोपरे दुखतात, पायांना मुंग्या येतात. पुष्कळ ठिकाणी तासातून पन्नास मिनिटे ही बैठक आणि दहा मिनिटे मोकळीक, अशी सवलत देतात. आपल्या वैद्याला विचारून ती घ्यावी आणि त्या दहा मिनिटांत जेवण, औषध, शौच हे विधी उरकावे. टेबलावर दोन लोड ठेवून त्यांवर कपाळ टेकता येईल अशी जागा करावी. नाक-तोंडाला श्वासासाठी मोकळीक असावी आणि डोळ्यावर मुळीच भार येऊ नये. कोपराखाली मऊ घडी ठेवावी, नाही तर तेथील शीर दबून बोटे बधिर होतात. पायांचे घोटे दर थोड्या वेळाने हलवावे व त्या दहा मिनिटांत चार पावले चालावे, म्हणजे पायांत रक्त साकळण्याची भीती राहत नाही. वाचनाची आवड असेल तर पुस्तक खाली जमिनीवर ठेवून दुसऱ्या डोळ्याने थोडे वाचण्यास बहुधा हरकत नसते. आणि मान खाली असलेल्या माणसाला नभोवाणीसारखा सोबती नाही, हे मी नभोवाणीवरूनच सांगत असलो तरी ते खरे आहे! माझ्या बंधूंनी त्या बारा दिवसांत जितके गायन ऐकले तितके आधीच्या बारा वर्षांत ऐकले नव्हते.

समाचाराला येणाऱ्या मंडळींना एक विनंती. आलेला पाहुणा समोर खुर्चीवर बसला की रोगी शिष्टाचारासाठी मान वर करतो. तेव्हा पाहुण्याने एकतर खाली सतरंजीवर बसावे, नाही तर दोन आठवड्यांनी यावे.

दुसरे पथ्य वायूसंबंधीचे. ते आमच्या वऱ्हाड-नागपुराकडील मंडळींनी विशेष लक्षात ठेवावे. बॉईलचा नियम आपण सर्वजण शाळेत शिकलो आहोत. बाहेरचा दाब कमी झाला की वायू पसरतो. बटाट्याच्या कापांचे हवाबंद पाकीट घेऊन घाट चढला की ते टम्म फुगते, हे मुलांनी पाहिलेले असते. तीच गत डोळ्यातील फुग्याची! विमान उंच गेल्यावर आतील हवेचा दाब सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावरील हवेइतका उतरतो. अशा वेळी डोळ्यातील वायू पसरतो, पण डोळ्याला पसरावयास जागा नसते. आतील दाब झपाट्याने चढतो, डोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो, आणि सुधारलेली दृष्टी काही मिनिटांत कायमची जाऊ शकते. म्हणून डोळ्यात वायू असेपर्यंत विमानप्रवास सर्वथा वर्ज्य होय. पुण्या-मुंबईचे चिरंजीव वडिलांना लवकर आपल्याकडे न्यावे म्हणून प्रेमाने तिकिटे काढतात. ते प्रेम काही आठवडे आवरून धरावे.

विमानच नव्हे, डोंगरही. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे, तर नागपूर सुमारे ३१० मीटर. म्हणजे नागपुराहून मोटारीने चिखलदऱ्यास गेल्यास हवेचा दाब जवळजवळ एकदशांशाने कमी होतो. हवापालटासाठी तेथे जाण्याचा बेत पुष्कळ घरांतून होतो. वायू असताना तो धोक्याचा आहे. मोठा घाट चढून जावयाचा कोणताही प्रवास आधी वैद्याला विचारल्याशिवाय करू नये.

हा वायू किती दिवस टिकतो? साधी हवा भरली असल्यास सुमारे आठवडाभर, सल्फर हेक्झाफ्लोराइड असल्यास दोन ते तीन आठवडे, आणि परफ्लुओरोप्रोपेन असल्यास सहा ते आठ आठवडे. तो आपोआप रक्तात शोषला जातो व त्याची जागा डोळ्याचे स्वतःचे पाणी घेते. प्रथम त्या डोळ्याने पाण्याखाली पाहावे तसे अंधुक दिसते. मग वरच्या बाजूने स्वच्छ दिसू लागते आणि मध्ये पेल्यातील पाण्याच्या पातळीसारखी एक हलणारी रेघ दिसते. फुगा वर असूनही तो खाली दिसतो, याचे कारण पडद्यावर प्रतिमा उलटी पडते. ती रेघ दिवसेंदिवस खाली उतरते, शेवटी एक लहानसा गोळा राहतो आणि एके दिवशी तोही नाहीसा होतो. रोग्याने ही रेघ रोज पाहून कागदावर टिपून ठेवली तर त्याला धीरही येतो आणि वैद्याला माहितीही मिळते. पण फुगा पूर्ण गेला की नाही, हा निर्णय वैद्याचाच. तोपर्यंत वाहन चालवू नये.

वायूसंबंधी आणखी एक गोष्ट अशी आहे की, ती ठाऊक नसल्यास मोठाच अनर्थ होतो. या काळात रोग्याला दुसऱ्या एखाद्या कारणासाठी, उदाहरणार्थ पडून हाड मोडल्यामुळे, गुंगी देण्याचा प्रसंग आला, तर डोळ्यात वायू आहे हे गुंगी देणाऱ्या डॉक्टरला आधी सांगितलेच पाहिजे. कारण नायट्रस ऑक्साइड हा गुंगीसाठी वापरला जाणारा वायू डोळ्यातील फुग्यात शिरून तो वाढवितो. कोठे कोठे यासाठी रोग्याच्या मनगटावर सूचनेची पट्टी बांधतात. ती फुगा जाईपर्यंत काढू नये. पट्टी दिली नसेल तर तशी चिठ्ठी खिशात ठेवावी. वायूच्या ऐवजी तेल भरले असेल तर उंचीची ही भीती नसते. मात्र ते तेल आपोआप जात नाही. बहुधा तीन ते सहा महिन्यांनी ते दुसऱ्या लहान शस्त्रक्रियेने काढावे लागते. दिसू लागले म्हणून ते काढण्याचे टाळणे बरे नव्हे, कारण फार काळ राहिलेले तेल डोळ्यातील दाब वाढवू शकते आणि बुबुळालाही अपाय करू शकते.

तिसरे पथ्य औषधाच्या थेंबांचे. सामान्यतः तीन प्रकारचे थेंब देतात: जंतूंचा प्रतिकार करणारे, सूज उतरविणारे आणि बाहुली मोठी ठेवणारे. थेंब घालणाऱ्याने प्रथम साबणाने हात धुवावे. खालची पापणी हलकेच खाली ओढून एकच थेंब आत सोडावा. बाटलीचे टोक पापणीला अथवा बोटाला लागू देऊ नये. मग डोळा मिटून नाकाकडील कोपरा मिनिटभर हलके दाबून धरावा. दोन औषधांमध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवावे, नाही तर दुसरा थेंब पहिल्याला वाहून नेतो. कोणती बाटली केव्हा, याचे वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावे व दिलेल्या थेंबापुढे खूण करावी. आमच्या घरी हे काम पाचवीतल्या मुलीकडे होते आणि तिच्या हातून एकही वेळ चुकली नाही.

सूज उतरविणाऱ्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असते. ते दुधारी आहे. मध्येच एकदम बंद केल्यास सूज उलटते. उलट, बरे वाटते म्हणून औषधाच्या दुकानातून पुन्हा पुन्हा आणून महिनोन्महिने घातल्यास काही जणांच्या डोळ्यातील दाब चढतो आणि काचबिंदू होतो. तो दुखत नाही, खुपत नाही, चोरपावलांनी दृष्टी नेतो. म्हणून ज्या क्रमाने थेंब कमी करावयास सांगितले असेल त्याच क्रमाने करावे आणि तपासणीची एकही तारीख चुकवू नये. दाब मोजावयाचा असतो तो यासाठीच.

आता घरगुती उपचारांविषयी. आपल्या आजीबाईंच्या बटव्यात पुष्कळ चांगल्या वस्तू आहेत. परंतु शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात मध, गुलाबपाणी, तूप, एरंडेल, अंगावरचे दूध किंवा काजळ यांपैकी काहीही घालू नये. या पदार्थांबरोबर जंतू आत जाण्याचा संभव असतो, आणि डोळ्याच्या आत जंतूंनी घर केले तर दोन दिवसांत सर्व श्रम मातीला मिळतात. डोळ्याभोवतीची जागा पुसावयाची ती उकळून गार केलेल्या पाण्यात बुडविलेल्या स्वच्छ कापसाने, आतून बाहेर. वैद्य सांगेपर्यंत डोळ्यात नळाचे अथवा विहिरीचे पाणी जाऊ देऊ नये; डोके धुण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. निजताना डोळ्यावर झाकण लावावे, कारण झोपेत माणूस नकळत डोळा चोळतो. खळ्यातील धूळ, कापूस वेचताना उडणारा कचरा, चुलीचा धूर यांपासून काही आठवडे दूर राहावे; संत्र्यांच्या पेट्या किंवा धान्याची पोती उचलू नयेत. मधुमेहाची, रक्तदाबाची औषधे चालू ठेवावी. रक्त पातळ करणारे औषध आपल्या मनाने बंद करू नये.

श्रोतेहो, आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. शस्त्रक्रियेनंतर डोळा थोडा लाल असणे, पाणी येणे, खुपणे, पापणी सुजणे, बाहेरून पट्टी शिवली असल्यास काही दिवस ठणकणे किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणे, हे अपेक्षित आहे आणि ते दिवसेंदिवस कमी होत जाते. मात्र तीन प्रकारची लक्षणे अशी आहेत की त्यांसाठी उद्याची वाट पाहू नये, मग ती रात्र असो, सण असो की घरचे लग्न असो.

पहिला प्रकार: गोळीने न थांबणारे दुखणे, त्याच बाजूचे डोके ठणकणे आणि उलटी. हे दाब वाढल्याचे लक्षण असू शकते. आमच्या भागातील एका संत्रा बागायतदाराला शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी सायंकाळी, नागपुरास नातलगाच्या घरी असताना, असे झाले. पालथे निजल्यामुळे पित्त उसळले, असे सर्वांनी ठरविले आणि कोकम सरबत केले. सुदैवाने घरातील एका शाळकरी मुलीने इस्पितळाचा कागद वाचून पाहिला आणि आजोबांना आत्ताच्या आत्ता न्या, असा हट्ट धरला. रात्री दहा वाजता दाब मोजला तो फार चढलेला निघाला. औषधांनी तो उतरला आणि डोळा वाचला. म्हणून या रोग्याच्या उलटीला पित्त म्हणण्याचा अधिकार डोळा तपासल्याशिवाय कोणासही नाही.

दुसरा प्रकार: कमी होत आलेली लाली व वेदना पुन्हा वाढणे, पू येणे, दृष्टी एकाएकी घटणे. हे डोळ्याच्या आत जंतू शिरल्याचे लक्षण असू शकते. हा उपद्रव विरळा आहे, पण जेव्हा होतो तेव्हा तासांचा हिशेब असतो.

तिसरा प्रकार: डोळ्यासमोर वीज चमकल्याप्रमाणे झगझगणे, काळ्या ठिपक्यांचा नवा थवा उठणे, किंवा एका बाजूने काळी सावली पडद्यासारखी सरकत येणे. हे पडदा पुन्हा सुटत असल्याचे लक्षण होय. आजच्या काळात पहिल्याच शस्त्रक्रियेने पडदा बसण्याचे प्रमाण शंभरांत सुमारे पंचाऐंशी ते नव्वद आहे आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांचा दुसऱ्या-तिसऱ्या शस्त्रक्रियेने बसतो. पुन्हा सुटण्याचे मुख्य कारण असे की, शंभरांत पाच ते दहा रोग्यांच्या पडद्यावर व्रणासारखी जाळी तयार होते. ती आखडते आणि पडद्याला ओढते. हे बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत घडते. महिना झाला, आता सुटलो, असे म्हणून तपासणी सोडणारांनी हे ध्यानात घ्यावे.

येथे घरच्या मंडळींना एक नम्र सूचना करावीशी वाटते. पडदा पुन्हा सुटला की घरात चटकन म्हटले जाते, "तू त्या दिवशी कूस बदललीस म्हणून हे झाले." श्रोतेहो, ही जाळी होते ती मुख्यतः पडद्याच्या आणि डोळ्याच्या प्रकृतीमुळे, सर्व पथ्य पाळूनही ती होऊ शकते. आधीच अंधाराला भ्यालेल्या माणसावर अपराधाचे ओझे टाकू नये. पथ्य कसोशीने पाळावे, आणि तरीही अपयश आले तर त्याच्याबरोबर पुन्हा इस्पितळात जावे. शुश्रूषा म्हणतात ती हीच.

पुढच्या काळाविषयीही थोडे सांगतो. पडदा बसला म्हणजे दृष्टी लगेच पूर्ववत होते, असे नाही. पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू नावाची बारीक पाहण्याची जागा असते. ती सुटण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल तर दृष्टी उत्तम राहण्याची आशा असते. ती सुटली असेल तर सुधारणा महिनोन्महिने हळूहळू होत राहते आणि काही उणीव उरतेही. चष्म्याचा नंबर बदलतो, म्हणून नवा चष्मा घाईने करू नये. काचाभ द्रव काढलेल्या डोळ्यात, विशेषतः पन्नाशीनंतर, एक-दोन वर्षांत मोतीबिंदू होणे हे बहुधा ठरलेलेच असते. तो शस्त्रक्रियेतील दोष नव्हे, आणि त्यावर इलाज आहे. एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून जिना उतरताना, चहा ओतताना, रस्ता ओलांडताना सोबत असावी.

आणि दुसरा डोळा! सगळ्यांचे लक्ष एका डोळ्याकडे लागलेले असते, तेव्हा दुसऱ्याकडे दुर्लक्ष होते. ज्याच्या एका डोळ्याचा पडदा सुटला, त्याच्या दुसऱ्या डोळ्याचाही सुटण्याचा संभव शंभरांत सुमारे पाच ते दहा असतो. म्हणून दुसऱ्या डोळ्याची बाहुली मोठी करून तपासणी अवश्य करून घ्यावी. नुसते छिद्र सापडले तर लेसरने काही मिनिटांत ते बंद करता येते आणि मोठी शस्त्रक्रिया बहुधा टळते.

खर्चाच्या भीतीने पुष्कळ रोगी दुसऱ्या तपासणीला किंवा तेल काढण्याला जात नाहीत. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेत सामील असलेल्या इस्पितळात आरोग्यमित्र बसलेला असतो. आपल्या रोग्याला कोणता लाभ मिळेल, हे शस्त्रक्रियेपूर्वीच त्याला विचारून घ्यावे. आणि गावी परतताना डोळ्यात काय भरले आहे, कोणती औषधे चालू आहेत, पुढची तारीख कोणती आणि रात्री-अपरात्री कोणत्या क्रमांकावर बोलावयाचे, एवढे चार मुद्दे लिहिलेला कागद रोग्याच्या खिशात असावा. तळेगावाहून नागपूर गाठण्यास दोन-तीन तास लागतात. ते तास विचारपूस करण्यात आणि ज्याचा त्याचा सल्ला घेण्यात जाऊ नयेत, यासाठी तो कागद.

सारांश, डोके सांगितलेल्या बाजूस ठेवणे, वायू असेपर्यंत उंची टाळणे, थेंब वेळेवर घालणे आणि धोक्याची तीन लक्षणे ओळखून विलंब न लावता निघणे, एवढीच ही विद्या आहे. तिला पदवी लागत नाही. ज्याला घड्याळ समजते आणि ज्याच्या मनात माया आहे, असा घरातील कोणीही मनुष्य ती आत्मसात करू शकतो. आपणा कोणावरही हा प्रसंग न येवो. पण आपल्या बिऱ्हाडी असा पाहुणा उतरलाच, तर त्याचा डोळा जितका शस्त्रवैद्याच्या तितकाच आपल्याही हाती आहे, एवढे लक्षात असू द्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.